व्हाइट सँड्समध्ये वाट दाखवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स नॅशनल पार्कचे माझे फोटो आवडल्याचं अनेकांनी कळवलं. त्यामागे तुमचा हात आहे, हे सगळ्यांसमोर सांगावं म्हणून हे जाहीर पत्र.

तुम्ही कॅमेरा बॅगेतच ठेवायला लावलात आणि बूट काढायला सांगितलंत. भर उन्हात वाळू पायाला भाजली नाही, कारण ती जिप्सम या पांढऱ्या खनिजाची. आजूबाजूच्या डोंगरांतलं जिप्सम पावसात विरघळून खोऱ्यात येतं. बाहेर जायला नदीच नाही. त्यामुळे पाणी ल्युसेरो तळ्यात आटतं, मागे स्फटिक उरतात आणि नैर्ऋत्येचा वारा त्यांचा चुरा पुढे ढकलत राहतो. ७१० चौरस किलोमीटरचा पांढरा पसारा असा झालेला! वारा कळला की वाळूच्या टेकडीची धार कुठे मिळेल ते कळतं, हे तुमचं म्हणणं संध्याकाळी डोळ्यांनी पाहिलं. ऊन पश्चिमेला कललं, ईशान्येकडची खडी बाजू सावलीत गेली आणि कड सुरीच्या पात्यासारखी उमटली.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर पांढऱ्याला राखाडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजवीकडे सरकू द्यायचा, पण टोकाला भिडू द्यायचा नाही. सावल्यांमधला निळा रंग आभाळाचा असतो, तो घालवायचा नाही. हे सगळं तुम्ही न कंटाळता समजावलंत. 'पाऊल टाकायच्या आधी फ्रेम ठरव' हे तर मी आता कुठेही विसरत नाही. वाऱ्याने काढलेल्या त्या बारीक लाटांवर एकदा ठसा उमटला की त्या संध्याकाळपुरता तो कोपरा गेलाच.

सगळे सूर्यास्ताकडे कॅमेरे लावून बसले होते, तेव्हा तुम्ही मला पूर्वेकडे वळवलंत. सॅक्रामेंटोचे डोंगर गुलाबी झाले होते आणि वाळूनेही तोच रंग घेतला होता. मला सर्वांत प्रिय असलेला फोटो तिथलाच आहे. एवढा वेळ, तोही एका अनोळखी मुलीसाठी, कोण देतं? मनापासून आभार, ताई.

सोबत युका या वाळवंटी वनस्पतीचा फोटो पाठवते आहे. टेकडी पुढे सरकल्यावर उघडं पडलेलं तिचं लांबच लांब खोड त्यात पूर्ण आलंय. सावलीचा भाग अजून थोडा उजळायला हवा होता का, तेवढं जरूर कळवा.

तुमची,
त्या दिवशीची सोबतीण