निळ्या ठिपक्यांबद्दल, पाँतिव्हीच्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही अशी तुमची अट, म्हणून नुसतं काका. फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनीतल्या कालव्याकाठी सायकल चालवायला पुण्याहून निघालेल्या मंडळींना तुम्ही हाताने आखलेल्या वाटेचे चार कागद पोस्टाने पाठवलेत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. फोनवर आभार मानले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. इथे बदलता येणार नाही.

आधी थोडं कडू. तुमचे कागद येण्यापूर्वी आमच्या हातात दुसरा एक रूट होता, म्हणजे वाटेची नकाशा-फाइल, पैसे मोजून घेतलेली. "शंभर टक्के ट्रॅफिक-फ्री ग्रॅव्हल" (म्हणजे मोटारी नसलेली कच्ची वाट) असं तिच्या माथ्यावर लिहिलेलं. प्रत्यक्षात निम्मी वाट डांबरी जिल्हा रस्त्यांची. या रस्त्यांवर गाड्या ८० च्या वेगाने येतात, साइडपट्टी नावाला नाही, आणि दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध व त्यावर झाडं, त्यामुळे वळणापलीकडून काय येतंय ते कळत नाही. उरलेल्या निम्म्यात शेताची खाजगी फाटकं. तक्रार केली तर उत्तर आलं, "फाइल सॅटेलाइटवरून तपासलेली आहे." सॅटेलाइटला कुलूप दिसत नाही हे कबूल, पण मग शंभर टक्के कशाच्या जोरावर छापलं? पैसे परत मिळाले नाहीत. जाऊ दे.

तुम्ही आखलेली रेघ सरळ कालव्याची. नान्त शहरापासून ब्रेस्ट बंदराकडे जाणारा सुमारे ३६० किमीचा हा कालवा इंग्रजी आरमाराच्या नाकेबंदीला वळसा घालायला नेपोलियनच्या काळात काढायला घेतला; १८४२ मध्ये पुरा झाला तोवर नाकेबंदीही उरली नव्हती आणि नेपोलियनही. आपल्या पदरात पडली ती काठावरची वाट, जिच्यावरून घोडे आणि माणसं दोरखंडाने होड्या ओढत नेत. तिथे मोटारींना बंदी आहे आणि चढ जवळपास नाही. कारे गावाच्या पूर्वेला ग्लोमेलजवळ कालवा सर्वात उंचावर जातो, तरी ती उंची १८४ मीटर. तिथली खोल चर ब्रेस्टच्या तुरुंगातल्या कैद्यांकडून १८२३ ते १८३२ या काळात खणून घेतली, हेही तुम्ही समासात लिहिलं होतंत. त्या चरीत ऊन पोचत नाही, वाट दुपारपर्यंत ओली राहते, "ब्रेक जपून" हा तुमचा शेरा अगदी योग्य जागी होता.

खरी मेख गेरलेदाँला. १९३० मध्ये तिथलं धरण पुरं झालं, कालवा मधोमध तुटला आणि काठची वाट तलावाखाली गेली. विकतच्या रूटने याच जागी मुकाट्याने मोठा रस्ता धरला होता. तुम्ही बंद पडलेल्या मीटरगेज रेल्वेचा मार्ग दाखवलात: बों-रपोच्या मठापासून म्यूर-द-ब्रतान्यपर्यंत, वाफेच्या इंजिनाला जमेल इतकाच चढ, दोन्ही बाजूंना झाडी. पुढे धरणाखाली पुन्हा पाणी गाठायचं आणि पाँतिव्हीपर्यंत ते सोडायचं नाही. तिथून रोआँ, जोसलँ, मालेत्र्वा करत रदोंपर्यंत सुमारे ११० किमी, सगळं काठाकाठाने.

पाँतिव्ही ते रोआँ या तुकड्यावर पाण्याची पातळी वर-खाली करणारी लॉकं एकापाठोपाठ एक येतात. प्रत्येक लॉकशी वाट दोन-तीन मीटर एकदम उसळते. गिअर आधीच हलका करून घ्यावा. चढावर जोर लावून बदलला की सामान लादलेल्या सायकलची साखळी उतरते. रस्ता ओलांडायच्या जागी मोटारी अडवायला लोखंडी अडसर असतात. मागच्या पिशव्या रुंद असतील तर उतरून, सायकल तिरकी करून काढावी लागते. आणि गळ टाकून बसलेल्यांचे लांब रॉड वाटेवर आडवे असतात, तेव्हा घंटी लांबूनच वाजवावी.

टायरबद्दल तुमचं म्हणणं तंतोतंत पटलं. ४० मिमीचा ट्यूबलेस, ७५ किलोच्या माणसाला सामानासह हवेचा दाब मागे २.५ बार, पुढे २.२. त्याहून जास्त हवा भरली तर झाडांच्या मुळ्यांवर मनगटं कामातून जातात, कमी भरली तर लॉकच्या दगडी कडेला रिम आपटते. प्रत्येक चाकात ६० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव), बरोबर मोठी भोकं बुजवायच्या प्लगची किट आणि तरीही एक ट्यूब. कारण ट्रॅक्टरला लावलेल्या यंत्राने झुडपांची कुंपणं छाटली की काटे वाटेवर पसरतात. एक काटा सीलंट बुजवतं, एका चाकात पाच घुसले तर हात टेकतं. दाबून बसवलेली बारीक वाळू कोरडी असेल तर सायकल पळते. पाऊस पडला की तिचा लगदा होतो आणि तो साखळीत आणि ब्रेक पॅडमध्ये बसतो. रेझिनचे पॅड अशा दिवशी डोळ्यांदेखत झिजतात. म्हणून सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड, आणि संध्याकाळी साखळी धुऊन, पुसून, कोरडी करून मगच तेल. डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारा तुकडा, आपल्या फ्रेमचाच जोडीला ठेवावा, तो दुसऱ्या सायकलचा बसत नाही. आणि तो मोडायचाच असेल तर सोमवारी मोडू नये, त्या दिवशी गावोगावची सायकलची दुकानं बंद!

बांधांमधून खोल गेलेल्या जुन्या शेतवाटा फोटोत फार सुंदर दिसतात. त्यांच्यावर तुम्ही पेन्सिलने फुली मारलीत ते बरं केलंत. तिथला चिखल ऑगस्टमध्येही वाळत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पांढऱ्या-लाल पट्ट्यांच्या पायवाटा चालणाऱ्यांसाठी आखलेल्या, त्यांना पायऱ्या आणि उड्या असतात. पाट्यांचं कोष्टकही कामाला आलं: लाल कडीत नुसता पांढरा गोल म्हणजे सायकलसकट सगळ्या वाहनांना बंदी, आणि त्याच कडीत मोटार व मोटरसायकलचं चित्र असेल तर बंदी फक्त इंजिनवाल्यांना. एवढा फरक कळला की निम्म्या वाटा मोकळ्या होतात.

पण काका, हे सगळं थोडी खटपट केली तर इकडून तिकडून जमवता आलं असतं. आभार मानायचेत ते तिसऱ्या कागदाचे.

त्या कागदावर तुम्ही रेघ पुन्हा काढलीत आणि बॉलपेनने निळे ठिपके दिलेत. प्रत्येक ठिपक्याशी गावाचं नाव देवनागरीत, तिथले लोक म्हणतात तसं, आणि खाली एक ओळ. "दफनभूमी. फाटकातून आत, डावीकडे भिंतीला नळ. बटण दाबून धरा." "चर्चच्या मागे. पाण्याचे हिरवे डबे टांगलेत, वापरलात तर परत टांगा." एकाशी तर "नळ आहे, पण पाटीवर पिऊ नका असं लिहिलंय, पुढच्या ठिपक्याला थांबा." दोन ठिपक्यांमध्ये साधारण पंधरा-वीस किलोमीटर, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्यांत निभतं.

ज्यांना या भागाची माहिती नाही त्यांना हे एवढं मोठं का वाटावं, ते सांगतो. कालवाभर पाणी शेजारी वाहत असतं आणि त्यातला थेंबही प्यायचा नाही. आजूबाजूला डुकरांचे गोठे आणि खत घातलेली शेतं आहेत, त्यांचं नायट्रेट पाण्यात उतरतं आणि खिशातला फिल्टर ते गाळत नाही. लॉकशेजारची जुनी घरं उन्हाळ्यात कुठे कुठे कॅफे होतात, सप्टेंबर उजाडला की कुलूप. रविवारी दुपारनंतर खेडं सामसूम. अशा वेळी फुलांना पाणी घालायला दफनभूमीत असलेला नळ एवढाच आधार, आणि तो बहुतेक गावच्या नळयोजनेचाच असतो. आपल्या मंडळींना स्मशानातलं पाणी प्यायला कसंतरी होणार हेही तुम्ही ओळखलंत. कागदाच्या तळाशी लिहिलंत, "संकोच नको. आत शिरताना हेल्मेट काढा, बोलणं हळू ठेवा, कुणी दिसलं तर बोंजूर म्हणा. कुणी काही म्हणत नाही."

देवनागरी का, हे विचारल्यावर तुम्ही म्हणालात की उन्हात मोबाइलचा स्क्रीन दिसत नाही आणि गटात साठीच्या पुढचे दोघं आहेत. बाकी कुणालाही हे सुचलं नव्हतं. रूट विकणाऱ्यालाही नाही, आणि आम्हाला तर नाहीच. त्या दोघांपैकी एकाने तो कागद घडी करून हँडलबारवरच्या पिशवीच्या झाकणात ठेवला आणि रदोंपर्यंत वाट तोच सांगत होता. "पुढचा निळा आठ किलोमीटरवर" असं म्हणताना त्याच्या आवाजात जी ऐट होती ती तुम्ही ऐकायला हवी होतीत.

हे ठिपके उपग्रहावरून येत नाहीत. कुणीतरी प्रत्येक फाटक उघडून, बटण दाबून, पाणी येतंय का ते बघून मगच येतात. तुमच्या सत्तरीत तुम्ही ते केलंत, न ओळखणाऱ्यांसाठी, एक पैसा न घेता, आणि टपालखर्चही घ्यायला नकार दिलात. पैसे घेऊन कुलूपबंद फाटकाशी नेऊन सोडणारे भेटतात, तेव्हा माणसांवरचा विश्वास जरा हलतो. तो जागेवर यायला पेनाने काढलेले डझनभर ठिपके पुरले. चांगुलपणा म्हणजे मोठं दान, मोठं भाषण असं काहीबाही डोक्यात असतं. इथे तो एवढाच होता की तहान लागायच्या आधी कुणीतरी तहानेचा विचार करून ठेवला होता.

आता कामाचं. २०२७ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस आहे. १२०० किमीची ती राइड संपवून पुण्या-मुंबईची काही मंडळी चार दिवस मागे राहतील आणि याच कालव्यावर येतील. तिसऱ्या कागदाच्या झेरॉक्स काढून त्यांना वाटायची परवानगी हवी आहे. अशा जागी पाटी आणि नळ दोन्ही बदलू शकतात, म्हणून वापरणाऱ्याने प्रत्येक ठिपक्याशी तारीख आणि "चालू" की "बंद" लिहून प्रत तुमच्याकडे परत पाठवायची असं ठरवलंय. पत्ता तुमचाच द्यायचा की आमचा, तेवढं कळवा.

आपले,
कोथरूडची सायकल मंडळी