फी माफ, पण सांगणार कोण?

संपादक साहेब, नमस्कार,

ॲडमिशनचा सीझन आला की फी माफीच्या बातम्या येतात, आम्ही पण त्या वाचूनच खूश झालेलो. २०२४ साली मुलीला कॅप राउंडमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) इंजिनीअरिंगला सीट मिळाली आणि त्याच जुलैत सरकारचा जीआर आला की ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) मधल्या मुलींची, ज्यांच्या घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ, आधी ते निम्मंच मिळायचं. आम्ही ओबीसी, मिस्टर अंधेरीला प्रायव्हेटमध्ये, म्हटलं सुटलो.

कॉलेजच्या काउंटरवर गेलो तर, आधी सगळी फी भरा, महाडीबीटीचे (सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचे) पैसे आले की बघू. अहो, पात्र मुलींकडून आधी फी घेऊ नका असं सरकारनेच कॉलेजांना सांगितलंय ना? पण रांगेत मागे पन्नास जण उभे असताना कोण भांडणार, सीट गेली तर? माझ्या बांगड्या बँकेत ठेवल्या आणि भरली. घरी आल्यावर पावती नीट वाचली तर डेव्हलपमेंट फी वेगळी लावलेली, ती माफीत येतच नाही, हे पण तेव्हाच कळलं.

मग महाडीबीटीचा फॉर्म. उत्पन्नासाठी मिस्टरांचा ऑफिसातून मिळणारा फॉर्म १६ चालेल असं वाटलेलं, नाही चालला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तोपर्यंत अर्ज सेंट बॅक, म्हणजे दुरुस्तीला परत. तो मिळाला, अर्ज पास झाला, पण पैसे काही येईनात. मुलगी रोज इथल्या बँकेचा ॲप उघडून बघायची, बँकवाले म्हणायचे आधार लिंक आहे मॅडम. लिंक होतंच हो, पण नुसतं लिंक वेगळं आणि सीडिंग वेगळं, सरकारचे पैसे आधार सीडिंग ज्या खात्याला असतं तिथेच पडतात आणि ते एका वेळी एकाच खात्याला असतं, हे त्या बँकेत एकानेही सांगितलं नाही. मुलगी सातवीपर्यंत आजीकडे चिपळूणला होती, तिथे शाळेत असताना काढलेलं एक खातं, आम्ही विसरूनही गेलेलो, सीडिंग त्यालाच होतं. पुढच्या वर्षी गणपतीला गावी गेलो, सासूबाईंनी त्या खात्याचं पासबुक भरून आणायला दिलं, तर पैसे तिथे आरामात पडलेले! इकडे मी महिनोन्महिने सोन्यावरचं व्याज भरतेय. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटात दिसतं म्हणे, आता काय उपयोग.

अर्ज दरवर्षी नव्याने रिन्यू करायचा असतो हे पण लक्षात असू द्या, एकदा भरला की झालं असं नाही. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं किंवा खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठात गेलं तर ही माफी नाही, आमच्या शेजारच्यांना हे ॲडमिशन घेतल्यावर कळलं. आणि ओपनमधल्या मुलांना पण ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू योजनेत निम्मी ट्यूशन फी मिळते, किती जणांना माहीत आहे?

एवढंच म्हणणं आहे की कॅपची यादी लागते त्याच दिवशी प्रत्येक कॉलेजने गेटवर मराठीत एक कागद लावावा, कोणती फी माफ, कोणती नाही, कुठले दाखले, खात्याचं काय. क्लार्कला शंभर वेळा विचारायची वेळ येणार नाही, त्याचा पण त्रास वाचेल.

पत्र छापलंत तर फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकेन, या वर्षी आमच्या विंगमध्येच तीन मुलं बारावीला आहेत.

- एक आई, भांडुप