बॉयलरच्या पाण्याविषयी आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा टीव्हीवर बॉयलर फुटल्याची बातमी बघून आईने फोन केला तेव्हा मी नेमकी साखर कारखान्यात रात्रपाळीत होते, त्यामुळे धड बोलता आलं नाही. "त्या आगीजवळ उभी राहू नकोस," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. मशीनच्या आवाजात फोनवर काही समजावणं जमत नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

आई, आगीकडे बघायला फायरमन आहेत. माझ्याकडे आहे ते पाणी. बॉयलर पेटवण्याच्या अग्निप्रदीपनाला तुम्ही दोघं आला होतात, तेव्हा सगळे भट्टीच्या दारापाशी हात जोडून उभे होते. पण बॉयलर किती वर्षं धड राहणार, हे भट्टीच्या मागच्या बाजूला, तुम्हाला कोणी दाखवलंच नाही त्या पाण्याच्या लाइनवर ठरतं.

आमच्या बॉयलरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला 87 किलो. एवढ्या दाबाखाली ड्रममधलं, म्हणजे बॉयलरच्या वरच्या टाकीतलं, पाणी 300 अंशांच्या आसपास उकळतं. तासाला शंभर टनांहून जास्त वाफ निघते, म्हणजे तेवढंच पाणी सतत आत ढकलत राहावं लागतं. विहिरीचं पाणी तसंच दिलं तर क्षारांचा थर ट्यूबला आतून धरतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, ट्यूबचं लोखंड तापून मऊ पडतं आणि फाटतं. हे क्षार डीएम (डीमिनरलायझेशन, म्हणजे क्षार काढायच्या) प्लांटमध्ये आधीच काढून टाकतो. ते काम आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.

जास्त लक्ष द्यावं लागतं ते पाण्यातल्या हवेकडे. आमच्या लॅबच्या खिडकीत जुन्या बॉयलरच्या ट्यूबचा कापलेला तुकडा ठेवला आहे. आतून बघितलं तर जाडी सगळीकडे चांगली, फक्त एका जागी तांबूस गाठ. ती गाठ टोच्याने खरवडली की खाली मसुराएवढा खड्डा, आणि खड्ड्याच्या तळाशी पलीकडचा उजेड दिसतो. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचं हे काम. तो ट्यूब सगळीकडून सारखी झिजवत नाही, एकच जागा धरतो आणि तिथेच आत आत खात जातो. उरलेली सगळी ट्यूब शाबूत असली तरी एवढ्या एका भोकाने बॉयलर बंद करावा लागतो. कार्बन डायऑक्साइडचाही त्रास आहेच. तो वाफेबरोबर पुढे जातो आणि वाफेचं परत पाणी झालं की त्या पाइपांना आंबटपणाने खातो.

ही हवा काढायची कशी? आई, चहाचं आधण ठेवतेस तेव्हा उकळी फुटायच्या बऱ्याच आधी पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नसते, पाण्यातून सुटणारी हवा असते. पाणी तापेल तसतशी त्यात हवा कमी मावते, आणि पूर्ण उकळलं की जवळजवळ मावतच नाही. आमचा डीएरेटर याच तत्त्वावर चालतो. वरून पाणी फवारलं जातं, मग ते भोकांच्या ट्रेवरून पातळ होऊन खाली झिरपतं, आणि खालून टर्बाइनमधून आलेली कमी दाबाची वाफ वर चढते. पाणी साधारण 115 अंशांना येतं, म्हणजे आतल्या दाबाला बरोबर उकळीवर. पाण्याभोवती वाफच वाफ असल्याने सुटलेल्या हवेला परत विरघळायला वाव राहत नाही, आणि वाफ तिला वरच्या व्हेंटमधून बाहेर घेऊन जाते. साध्या थंड पाण्यात हजार लिटरमागे सुमारे 8 ग्रॅम ऑक्सिजन असतो. चांगला चाललेला डीएरेटर तो 7 मिलिग्रॅमवर आणतो! मला अजूनही याचं नवल वाटतं. उरलेल्यासाठी थोडं केमिकल सोडतो. पूर्वी सर्रास हायड्राझिन वापरायचे, पण त्याने कर्करोगाचा धोका असल्याने आता बऱ्याच ठिकाणी दुसरी केमिकल्स आली आहेत.

बाबा, ऊस घालायला आलात की छपरावरचा तो पांढरा फवारा बघून तुम्ही दरवेळी म्हणता, "एवढी वाफ वाया घालवता?" तीच ही व्हेंटची वाफ. ती वाचवायला व्हॉल्व्ह आवळला तर हवेला जायला वाट उरत नाही आणि ऑक्सिजन पाण्यातच राहतो. नळीच्या तोंडाशी वीतभर काही दिसू नये आणि पुढे पांढरा झोत दिसावा, इतपत तो उघडा ठेवतो. पाण्याचे थेंब उडायला लागले तर आत काहीतरी बिघडलंय असं समजायचं. तेवढी वाफ जाऊ द्यायलाच हवी, माझं यावर ठाम मत आहे.

डीएरेटर इतका उंचावर का, हेही तुम्ही विचारलं होतंत. त्याच्या टाकीतलं पाणी उकळीच्या काठावर असतं. बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाने ओढताना दाब जरा जरी उतरला तरी पाइपातच त्याची वाफ होते, पंप खडखडतो आणि आतली चाकं खरवडली जातात. टाकी उंचावर असली की खालच्या पाण्यावर वरच्या पाण्याचा भार राहतो आणि ते गुमान पंपात शिरतं.

साखर कारखान्यात आणखी एक जपावं लागतं. रस आटवायच्या पहिल्या बॉडीला, म्हणजे पहिल्या भांड्याला, दिलेल्या वाफेचं पाणी आम्ही बॉयलरला परत घेतो, कारण ते गरम आणि शुद्ध असतं. पण बॉडीची एखादी ट्यूब गळली तर त्यात रस मिसळतो. ड्रममध्ये साखर गेली की तिचं आम्ल होतं, पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर टर्बाइनकडे उडतं. म्हणून ठरावीक वेळाने परीक्षानळीत ते पाणी घेऊन अल्फा-नॅप्थॉलचे थेंब टाकायचे आणि नळी तिरपी धरून कडेने सल्फ्युरिक ॲसिड हळूच सोडायचं. दोन थरांच्या मध्ये जांभळी कडी उमटली तर साखर आहे. मग प्रोसेसवाले कितीही ओरडले तरी ते पाणी बाजूला काढायचं आणि बॉयलर डीएमच्या पाण्यावर चालवायचा.

आता आईची मुख्य काळजी. ड्रममध्ये फार पाणी मावत नाही, बाहेरून येणं थांबलं तर काही मिनिटांत पातळी उतरते. म्हणून एक फीड पंप बंद पडला की दुसरा आपोआप चालू होतो, डीएरेटरच्या टाकीत पंधरा-वीस मिनिटांचं पाणी शिलकीत असतं, आणि पातळी फारच उतरली तर भट्टीत बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, टाकणारे फीडर स्वतःहून थांबतात. तरीही पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालंच तर घाबरून पाणी सोडायचं नाही, आधी आग तोडायची, हे इथल्या नव्या पोरालासुद्धा पाठ आहे. मी सुद्धा त्यात कुचराई करत नाही, एवढा विश्वास ठेव.

संक्रांतीला येणं जमणार नाही, गाळप जोरात आहे. तिळगुळाचा डबा गावाहून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडे दिलास तरी पोचेल. हंगाम संपला की बॉयलर उघडतो, तेव्हा बाबा तुम्ही या, डीएरेटरचं मॅनहोल उघडून ट्रे दाखवते. जिना बराच उंच आहे, आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही. ती खाली लॅबमध्ये बसेल, तिला जांभळी कडी करून दाखवते. आपल्या उसाची तोड कधी येते ते कळवा, आणि बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची लेक