इंडक्शन शेगडी पुन्हा चालू करून देणाऱ्यांचे आभार

नाशिकच्या अंबड-सातपूर कारखान्यांतली पाळी संपवून शेगडी दुरुस्तीच्या मदतीला बसलेले, आणि एम. जी. रोडवर एकच फ्यूज मागितला तरी कपाळाला आठी न घालणारे दुकानदार, तुमची नावं विचारायची राहिली. म्हणून आभार इथेच.

फ्यूज उडाला की नवा टाकून लगेच प्लग लावायचा नाही, हे तुम्ही बजावलंत. फ्यूज उगीच जात नाही. बहुतेकदा आयजीबीटी, म्हणजे कॉइलचा प्रवाह झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर, शॉर्ट असतो. मल्टिमीटर बझरवर ठेवून त्याचे कलेक्टर-एमिटर हे दोन पाय तपासायचे, वाजला तर मेला. मग ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), गेटचा, म्हणजे आयजीबीटीच्या तिसऱ्या पायाचा, 18 व्होल्टचा झेनर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा डायोड), गेट-एमिटरमधला 10 किलोओहमचा रेझिस्टर. हे न बघता टाकलेला नवा आयजीबीटी क्षणात फट्! (पैसे गेल्यावरच पटतं, तो भाग वेगळा.) कॉइलला जोडलेल्या रेझोनन्स कपॅसिटरवर 0.3 मायक्रोफॅरड छापलेलं आणि मीटरवर 0.22 भरला, तर तो बदलायचाच. क्षमता घटली की आयजीबीटीवरचं व्होल्टेज चढतं.

पहिली चाचणी 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून, वर भांडं न ठेवता. लख्ख पेटला तर शॉर्ट अजून आहेच. पेटला नाही आणि पंख्याला 18, कंट्रोलरला 5 व्होल्ट मिळाले, तर पुढे जा. आत सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं, तेव्हा प्लग काढल्यावरही कपॅसिटर आधी डिस्चार्ज करायचा, म्हणजे त्यात साठलेली वीज उतरवायची.

पंख्याच्या तोंडाला झुरळांसाठी स्टीलची विरळ जाळी सुचवणाऱ्या मावशींचे वेगळे आभार. बारीक जाळी लावू नका, हवा अडते.