कर्नलसाहेब, तुम्ही पेनाला टोपण लावलंत त्याबद्दल

आदरणीय कर्नलसाहेब,
जय हिंद.

पत्र पाकिटात घालून न पाठवता उघडंच लिहितो आहोत, कारण ते वाचायला हवं अशी आणखी बरीच मंडळी आहेत. लिहिणारे आम्ही गावातले माजी जवान अन् शाळेचे दोन मास्तर. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-तुरीचं. नाव कशाला सांगायचं, शाळेत लेकरांची नावं अन् जन्मतारखा लिहितात ते आमच्यासारखं रजिस्टर इकडं गावोगाव सापडेल.

तुम्हाला बोलावलं होतं भाषणाला. फळ्यावर विषय लिहिला होता, ‘नागपूरचा मुलगा लष्करप्रमुख कसा झाला’. लोकांना वाटलं, आता बर्फ, बंदुका अन् देशभक्ती. तुम्ही खडू घेऊन आधी एक तारीख लिहिलीत: 6 मे 1962. जनरल मनोज पांडे यांची जन्मतारीख. आई नागपूर आकाशवाणीवर निवेदिका. एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, मग डेहराडूनची लष्करी अकादमी, डिसेंबर 1982 मध्ये बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर दलात कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक. वय वीस. पुढं ऑपरेशन पराक्रमच्या, म्हणजे 2001-02 मध्ये सीमेवर सैन्य जमवलं त्या वेळी पल्लनवाला भागात 117 इंजिनिअर रेजिमेंट, नियंत्रण रेषेवर इन्फंट्री ब्रिगेड, पश्चिम लडाखमध्ये माउंटन डिव्हिजन, तेजपूरची चौथी कोअर, अंदमान-निकोबार, कोलकात्याची पूर्व कमांड. पूल बांधणाऱ्या अन् सुरुंग काढणाऱ्या दलातला माणूस त्याआधी कधी लष्करप्रमुख झाला नव्हता.

शिडीही तुम्ही नीट उलगडून दाखवलीत. आज कमिशन मिळालं की लेफ्टनंट, दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. परीक्षा पास होत राहिलात तर इथवर काळ आपोआप नेतो. त्यानंतर गाळणी लागते. कर्नलसाठी तीन नंबरचं निवड बोर्ड, ब्रिगेडियरसाठी दोन नंबरचं, मेजर जनरलसाठी एक नंबरचं, अन् लेफ्टनंट जनरलसाठी खास बोर्ड. सगळं पार करून आर्मी कमांडर व्हायचं म्हटलं तर साऱ्या सैन्यात जागा सात. सहा लढाऊ कमांड अन् सिमल्याची प्रशिक्षण कमांड. जागा रिकामी होईल त्या दिवशी हातात पुरेशी नोकरी शिल्लक हवी, नाहीतर सगळं बरोबर असूनही माणूस घरी.

मग तुम्ही फळ्यावर दुसरी तारीख लिहिलीत. 22 एप्रिल 1960, पांडेसाहेबांच्या आधीचे लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांची जन्मतारीख. लष्करप्रमुखाची मुदत 3 वर्षं किंवा वयाची 62, जे आधी होईल ते. लेफ्टनंट जनरल मात्र साठीला निवृत्त. नरवणेसाहेबांना एप्रिल 2022 मध्ये 62 पूर्ण झाली, 30 एप्रिलला त्यांनी सूत्रं सोपवली. पांडेसाहेब तेव्हा उपप्रमुख, म्हणजे लेफ्टनंट जनरल; त्यांना साठ पूर्ण व्हायला सहा दिवस बाकी होते. नरवणेसाहेबांची तारीख दोन महिने पुढं असती तर पांडेसाहेब 31 मेला उपप्रमुख म्हणूनच निवृत्त झाले असते. मागं बसलेली पोट्टेही तेव्हा गप्प झाली.

अन् जनरल व्ही. के. सिंग यांचं प्रकरण. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर 10 मे 1951, एनडीएच्या फॉर्मवर 10 मे 1950. सैन्याच्याच एका शाखेत एक साल, दुसऱ्या शाखेत दुसरं. लष्करप्रमुख असताना ते सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी 2012 मध्ये याचिका मागं घेतली अन् 31 मे 2012 ला निवृत्त झाले. शाळकरी वयात भरलेल्या फॉर्मवरचं ते एक साल चार दशकांनी आडवं आलं होतं.

“आता तुमचं दाखल-खारीज रजिस्टर दाखवा,” तुम्ही म्हणालात. भाषण तिथंच संपलं.

रजिस्टरच्या पानावर नावं वेगवेगळी अन् तारीख एकच, 1 जून. शाळा जूनमध्ये भरते, पहिलीला सहा वर्षं पुरी दाखवायची असतात, मग दाखला नसलेल्या लेकराला मास्तरांनी जून देऊन टाकला. आमच्याच पेशातल्या लोकांनी. तो दोष दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

पण बाकीच्यांचं सांगायलाच हवं. तालुक्याच्या रस्त्यावर एक अकादमी आहे. फ्लेक्सवर लष्करप्रमुखाचा फोटो, आत पहाटे सोळाशे मीटरची धाव अन् महिन्याची फी. एनडीएची आर्मी शाखा बारावीच्या कला शाखेलाही उघडी आहे, नेव्ही अन् एअरफोर्सलाच फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं, हे तिथं कोणी कधी सांगितलं नाही. लेखी परीक्षा 900 गुणांची. त्यात गणित 300, सामान्य क्षमता 600, चुकलं की एक तृतीयांश गुण वजा. फॉर्मची फी शंभर रुपये अन् मुलींना तीही माफ. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली, तरी फ्लेक्सवर अजून मुलगी नाही. दुसरीकडं एक कार्यालय, जिथं तारीख दुरुस्तीला गेलेल्या बाईला साहेब म्हणाला, “पोराची तारीख माहीत नाही अन् निघाली त्याला ऑफिसर कराले!” वर सल्ला दिला, ॲफिडेव्हिट करून आणा. एनडीएची परीक्षा घेणारी युपीएससी ॲफिडेव्हिट मानत नाही, जन्मकुंडली मानत नाही, नगरपालिकेचा जन्मदाखलाही मानत नाही. दहावीच्या सर्टिफिकेटवर असेल तीच तारीख, अन् एकदा फॉर्मवर लिहिली की कायमची. म्हणून दुरुस्ती व्हायची ती लेकरू शाळेत असताना, दहावीच्या बोर्डाचा फॉर्म जायच्या आत.

त्याच बाईला तुम्ही खुर्ची दिलीत. पोरगा दहावीत, रजिस्टरला 1 जून 2010. तुम्ही विचारलंत, “बाई, हे बरोबर आहे का?” ती आधी मान खाली घालून बसली. मग म्हणाली, “तान्ह्या पोळ्याच्या रोजी झाला जी. पोट्टे नंदी घेऊन बोजाऱ्यासाठी दारात उभे होते, अन् मी आतमंदी.” तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा सण; लाकडी नंदी घेऊन ती दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात.

खोलीत दोघं-तिघं हसले. तुम्ही हसला नाहीत. पेनाला टोपण लावलंत, पेन रजिस्टरवर आडवं ठेवलंत अन् थांबलात. तिचं सगळं सांगून होईपर्यंत टोपण काढलं नाही. मग डायरीत तिच्या शब्दांत लिहिलंत, ‘तान्हा पोळा, सकाळ’. तारीख नाही. तारखेची जागा कोरी ठेवलीत. नंतर मास्तरांच्या घरून जुनं पंचांग आणवलंत. पोळा त्या वर्षी सप्टेंबरात होता.

अन् तुमचा पुढचा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता. “बाळंतपण माहेरी झालं का?” जन्माची नोंद होते जिथं जन्म झाला तिथं. पहिलटकरीण माहेरी जाते, अन् आम्ही सारे वर्षानुवर्षं सासरच्या ग्रामपंचायतीत पानं उलटत बसतो. नोंद तिच्या माहेरच्या वहीत होती, डायरीशी जुळणारी. पुढचे अर्ज, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, खेटे, ते सगळं इथं लिहीत बसत नाही.

तीन महिन्यांनी काय फरक पडतो, असं त्या दिवशीही एकानं विचारलं. तुम्ही फळ्यावरच मांडून दाखवलंत, ते इथं उतरवतो. नियम आजचेच राहिले तर हा पोरगा बारावीत जाईल तेव्हा एनडीए परीक्षेची पहिली संधी सप्टेंबर 2027 ची. मग 2028 च्या दोन. एप्रिल 2029 च्या परीक्षेला जन्म जुलै 2010 च्या आधीचा चालत नाही. 1 जून राहिली असती तर तीन संधी, आता चार. चौथी त्याच्या आईच्या सांगण्यावर मिळाली.

साधेपणा म्हणून इकडं फार बोललं जातं, विशेषतः माइकवरून. पाहुणे खाली सतरंजीवर बसतात, फोटो निघतो, पाहुणे उठतात. तुम्ही खुर्चीवरच बसलात, चहाही घेतलात, पण बाईचं बोलणं अर्ध्यात तोडलं नाही. तेरा वर्षांत काळ लेफ्टनंट कर्नलपर्यंत नेतो म्हणालात. हे थांबणं कोणत्या बोर्डाला तपासता येतं, ते विचारायचं राहून गेलं.

रजिस्टर आता लोखंडी कपाटात आहे. दुरुस्त झालेल्या नोंदी लाल शाईत, शेजारी मंजुरीचा क्रमांक अन् मुख्याध्यापकांची सही. उरलेले 1 जून आम्ही एकेक करून विचारतो आहोत, अन् पहिला प्रश्न माहेरचाच असतो.

त्या माउलीचा निरोप आहे, यंदा तान्ह्या पोळ्याला या. नंदी घेऊन पोट्टे दारोदार येतील, तेव्हा बोजाऱ्यासाठी सुटे पैसे आणा. इकडं पोळ्याच्या दिवसांत चिल्लर मिळत नाही.

आपले,
गावातले माजी जवान अन् शाळेतले मास्तर