बंड्यास पत्र: काकांचा कर्सर

प्रिय बंड्या,

लिहीन लिहीन म्हणता पावसाळा सरला, राग मानू नकोस. आम्ही सगळे बरे आहोत, शुगर आटोक्यात, आईचे गुडघे होते तसेच. आता मुद्द्याचं, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. घरी सांगायला गेलो तर ही म्हणाली, बाण दाबला की कर्सर सरकतो, त्यात एवढं काय.

ठाण्याच्या काकांविषयी आहे. त्यांच्या मुलाचा फोन आला होता. बाबांचं काही खरं नाही म्हणाला, एक अक्षर पुसायला जातात आणि भलतंच पुसतात, मग तेच परत टाइप करतात तर तेही चुकीच्या जागी, चिडतात, लॅपटॉप आपटून मिटतात. मेमरीच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये आणि तोवर पुस्तकाचं काम बंद. बंड्या, पुस्तक बंद! काकांच्या बेने इस्राएल समाजाच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, मलिदा या आभाराच्या विधीच्या वेळच्या प्रार्थना, वर हिब्रू ओळ, तिच्याखाली देवनागरीत उच्चार, मग मराठी अर्थ, आणि अर्थाच्या मध्येमध्ये काकांच्या टिपा, ज्यात मराठी वाक्याच्या पोटात हिब्रू शब्द असतात. कोकणातली जुनी माणसं कशी म्हणायची ते लक्षात असलेले आता किती उरलेत, तुला माहीतच आहे.

मला ते पटेना म्हणून मी गेलो. काकांनी नेहमीसारखं आधी माझं मराठी दुरुस्त केलं, मग आपण त्यांच्याकडे पेइंग गेस्ट असताना तू गॅस चालू ठेवून गेलास ती गोष्ट सांगितली, तारखेसकट. विसरणारा माणूस असा असतो का? मग म्हटलं काका, माझ्यासमोर एक दुरुस्ती करा बघू, आणि शेजारी बसून नुसतं बघत राहिलो.

ओळ अशी होती: ‘प्रार्थनेत’, मग हिब्रूत शालोम, मग ‘हा शब्द’. शालोमची चार अक्षरं, शीन, लामेद, वाव, मेम. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून शीन उजव्या टोकाला, मेम डाव्या. काकांनी शेवटच्या चौकोनी मेमच्या जागी गोल सामेख टाकलं होतं, ती दोन दिसायला इतकी जवळची आहेत की चष्मा लावूनही फसायला होतं. ते त्यांचं त्यांनीच पकडलं. ‘प्रार्थनेत’वरून उजवा बाण दाबत आले, स्पेस ओलांडली, आणि कर्सर बरोबर त्या सामेखला चिकटून उभा राहिला. चुकीचं अक्षर कर्सरच्या उजवीकडे, म्हणून त्यांनी डिलीट दाबलं. आणि उडालं काय, तर शब्दाच्या पार दुसऱ्या टोकाचं शीन!

काका माझ्याकडे बघायला लागले, मी काही बोललो नाही. त्यांनी माउस नेऊन उजव्या टोकाला क्लिक केलं, हिब्रू कीबोर्ड लावला, शीन टाइप केलं, तर ते उमटलं डाव्या टोकाला, सामेखच्याही पलीकडे. मग ते हळूच म्हणाले, बघ, हे असं होतं रे माझं.

मला इतकं भरून आलं की काय सांगू. त्यांच्या डोक्यात काही बिघडलेलं नाही! तुला तर लगेच कळलं असेल. मराठी परिच्छेदात हिब्रू शब्दाच्या डाव्या टोकाला कर्सर दिसला की ती फाइलमधल्या दोन वेगवेगळ्या जागांपैकी कुठलीही असू शकते, शीनच्या आधीची किंवा सामेखच्या नंतरची. उजव्या टोकाचंही तेच. फाइलमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने ठेवलेली असतात, पडद्यावर ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकात ठेवायच्या प्रमाणाच्या, नियमाने उलटून मांडली जातात, आणि कर्सर बिचारा एकच, त्याला यातली एकच बाजू दाखवता येते. म्हणजे प्रोग्रामच्या मते काका शीनच्या आधी उभे होते आणि पुढचं अक्षर पुसा म्हणत होते. त्याने नियम पाळला. पण पंच्याहत्तरी उलटलेला माणूस डोळ्यांनी पाहतो, त्यावर विश्वास ठेवतो, आणि घरचे त्यालाच वेड्यात काढतात, हे मला सहन होत नाही.

आपलं मराठी कीबोर्डांवरून जुनं भांडण आठवतंय ना, इन्स्क्रिप्टची मांडणी की रेमिंग्टनची? तू म्हणायचास पहिली वेलांटी अक्षरानंतर दाबायची कारण बोलताना ती नंतर येते, आणि मी म्हणायचो कागदावर आधी दिसते तर बोटानेही आधी दाबावी. सर कंटाळून चहाला निघून जायचे. युनिकोडने तुझी बाजू घेतली आणि तू पार्टी मागितलीस, ती मी अजून दिलेली नाही आणि देणारही नाही. हिब्रूवाल्यांच्यातही हीच मारामारी झालेली. नव्वदीत वेबपानांवर आयएसओ ८८५९-८ या एकाच हिब्रू अक्षरसंचाचे दोन अवतार होते, एकात दिसतं तसं साठवायचं, दुसऱ्यात वाचतात तसं. साठवायच्या बाबतीत तुमचं बरोबर, मी कधीच नाही म्हटलं नाही, नाहीतर शोधणं आणि ओळ मोडणं फार अवघड होतं. पण बाणाची गोष्ट वेगळी आहे. बाणावर दिशा काढलेली आहे. उजवा बाण दाबल्यावर कर्सरने शब्दाच्या उजव्या टोकाला उडी मारून डावीकडे चालत यायचं आणि मग पुन्हा उजवीकडे उडी घ्यायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि काकांशेजारी बसल्यावर तर मुळीच पटत नाही.

तर मी एवढं केलंय. काकांना लिबर ऑफिसवर आणलं, तिथे भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्टखाली कर्सर लॉजिकल, म्हणजे फाइलमधल्या क्रमाने, चालवायचा की व्हिज्युअल, म्हणजे पडद्यावर दिसतं तसा, हे निवडता येतं, वर्डमध्येही ॲडव्हान्स्डमध्ये आहे. व्हिज्युअल लावून दिलं. आता बाण सरळ जातो. टोकाचा घोळ तरी उरतोच, म्हणून त्यांना एक सवय लावली: टोकावर उभं राहून पुसायचं नाही, आधी एक अक्षर आत शिरायचं. आत शिरलं की बॅकस्पेस उजवीकडचं खातो, डिलीट डावीकडचं, आणि हिब्रू लिहिणाऱ्याला ते आपसूक बरोबर वाटतं. काकांनी सामेख काढून मेम घातलं, पहिल्या फटक्यात.

आणखी एक गंमत, ही तुला आवडेल. तेहिलीम, म्हणजे स्तोत्रसंहिता, हा शब्द हिब्रूत आणि पुढे इंग्रजी आकड्यात तेवीस असं लिहिलं की आकडा उडी मारून शब्दाच्या डावीकडे जातो. काका तो परत परत हलवत बसायचे आणि सुनेला वाटायचं आता आकडेही कळत नाहीत. तोच आकडा देवनागरीत २३ लिहिला की जिथल्या तिथे! इंग्रजी आकडे नियमात दुबळे, हिब्रूमागून आले की तिच्या ओढीने जातात, आपले देवनागरी आकडे अ-आ-इ सारखेच पक्के डावीकडून उजवीकडचे. सगळे आकडे देवनागरी करून टाकले. दिशा सांगणाऱ्या अदृश्य खुणा मुद्दाम नाही टाकल्या. २०१३ च्या युनिकोड ६.३ मध्ये आलेली, हिब्रू तुकडा भोवतालच्या मजकुरापासून वेगळा काढायची चिन्हं उत्तमच आहेत, पण बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर बाण दाबला तरी कर्सर हलल्यासारखा दिसत नाही, आणि काकांना आता असलं आणखी काही नको.

त्यांच्या कपाटात पुण्यात १८७४ साली छापलेल्या हगादाची, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीची, प्रत आहे ना, हिब्रू आणि मराठी दोन्ही असलेली. ती काढून मला दाखवत म्हणाले, त्या काळच्या खिळे जुळवणाऱ्याने हातात धरलेलं अक्षर तरी तिथेच राहत असेल. मला उत्तर सुचलं नाही.

तुझं काय चाललंय? नव्या टीमचं जमलं का? धाकटीची परीक्षा कशी गेली ते कळव, आणि वहिनींना सांग लोणच्याची बरणी पोचली, रिकामीही झाली.

आता काम. एक म्हणजे काकांच्या मुलाला फोन कर. तो माझं ऐकत नाही, तुला मानतो. डॉक्टरांकडे खुशाल नेऊ दे, या वयात तपासणी झालेली बरीच, पण टायपिंगच्या चुका पुरावा म्हणून सांगू नकोस म्हणावं, आणि लॅपटॉप परत टेबलावर ठेव म्हणावं. त्याला स्वतःला त्या ओळीत डिलीट दाबून बघायला लाव, मी फाइल त्याला पाठवलीये.

दुसरं, सिलेक्शन. व्हिज्युअल लावल्यापासून शिफ्ट धरून मराठीतून हिब्रूत गेलं की निळा पट्टा मध्येच तुटतो आणि काका बिचकतात. फायरफॉक्समध्ये यासाठी तिसरा पर्याय आहे, फिरताना व्हिज्युअल आणि सिलेक्ट करताना लॉजिकल. तसं लिबर ऑफिसमध्ये मॅक्रोने जमवता येईल का? आणि लिनक्सवरच्या जीटीके प्रोग्रामांसारखे टोकाला दोन कर्सर दाखवता आले तर फारच उत्तम, एक मराठी कुठे उमटेल ते सांगणारा, एक हिब्रू. रविवारी संध्याकाळी मी ठाण्यालाच असेन, तेव्हा व्हिडिओ कॉल कर, काका सातला जेवतात, त्याआधी.

तुझा,
रेमिंग्टनवाला

ता.क. काकांनी विचारलंय की गॅसचं बटण आता तरी बघतोस का.