उतरता सूर

प्रिय सुहास,

प्रभूमध्ये सलाम. गुडघा आहे तसाच आहे, बाकी ठीक.

हे तुलाच लिहितोय, दुसरं कोणी वाचलं तर ‘एवढंच ना!’ म्हणेल. आपल्या चर्चच्या गायकवृंदाचं उत्तम शुक्रवारचं गीत पुन्हा उतरतंय. ऑर्गन बंद, चार कडवी, आणि ‘आमेन’पर्यंत सूर अर्ध्या स्वराने खाली. बेसवाल्यांचा, म्हणजे पुरुषांतल्या खालच्या आवाजांचा, तळाचा स्वर घशातच राहतो. मग आरोपांची फेरी: मार्थाबाई म्हणतात आल्टो (बायकांतले खालचे आवाज) ओढतात, आल्टो म्हणतात टेनर (पुरुषांतले वरचे) झोपतात.

अर्धा स्वर एकटा कोणी पाडत नाही रे. एकच स्वर ओळीने चार-पाच वेळा आला की दर वेळी केसभर ढिला पडतो. उतरताना पावलं मोठी पडतात, चढताना आखूड. त्यात लय संथ, आणि हळू गायचं म्हणजे श्वासाचा आधारच काढून घ्यायचा असा सार्वत्रिक गैरसमज. पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, १२:२६ मध्ये, एका अवयवाबरोबर सगळे सोसतात म्हणतो. इथे ते कानाने कळतं. गुन्हेगार शोधत बसलं की तालीमही जाते आणि मंडळीही.

सूर तपासायचा ४४०चा ट्यूनिंग फोर्क दर कडव्याशेवटी वाजवला तर किती उतरलो ते कळतं, बस. पट्टी बदलणं जास्त कामाचं. पांढरी चारऐवजी काळी तीन, म्हणजे अर्धा स्वर वर, धरली तर पुष्कळदा सूर टिकतो, कारण गळ्याचे सांधे, म्हणजे आवाज पालटतो त्या जागा, अडचणीच्या स्वरावर येत नाहीत. वर गेल्यावर टिकतो याचंच सगळ्यांना नवल!

मग सुरावट बसवायची. बेसने सा धरायचा, टेनरने प, आणि तो पक्का झाल्यावरच आल्टोने ग. पियानोचा ग स्वाभाविक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढा असतो, त्यामुळे फक्त त्याच्यावर घोटलेला कान इथे फसतो. ‘आ’वर ग अगदी हळू सरकवायचा. आधी आवाजात थरथर असते, जागा सापडली की ती थांबते आणि सगळा स्वर एकदम मोठा वाटतो. ती जागा स्वतःचाच आवाज ऐकणाऱ्याला सापडत नाही. शेजारचा ऐकू येत नसेल तर आपला आवाज जास्त झाला, एवढाच नियम. आता हे भास्करमामांना कोण सांगणार? मुद्दा तोच आहे.

तू म्हणशील, देव मन पाहतो, सूर नाही. तुझं जुनं पालुपद. मान्य, पण शेजारी उभा असतो त्याला सूरच ऐकू येतो ना! आणि ३३व्या स्तोत्रात कौशल्याने वाजवा असंच आहे, उत्साहाने भागवून घ्या असं नाही. यावर आपण पुन्हा भांडू.

लांब स्वराला मात्र सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारी घेतोय तेव्हा आपण घ्यायचा नाही, शब्दांच्या मधल्या फटीतही नाही. तिथे सगळेच घेतात आणि भोक पडतं. स्वर चालू असताना गुपचूप थांबायचं, पुरता श्वास भरायचा आणि त्याच ‘आ’मध्ये हलकेच परत शिरायचं. जोरात शिरलास की पकडला गेलास. तू लिहिलंस ना, हल्ली प्रार्थनेला बसलं तरी शब्द येत नाहीत? थांब मग. बाकीचे धरून आहेत.

मार्थाबाईंनी आपापल्या वहीत श्वासाच्या खुणा पेन्सिलीने करायला सांगितलंय, शेजाऱ्याची वही बघून. टेनरांनी पाचही जणांनी एकाच जागी केल्या.

थोरलीच्या नोकरीचं काय झालं? घर बदललंस का? वहिनींना सलाम सांग.

आणि भास्करमामांना फोन तू कर. रागावले तरी ते तुझंच ऐकतात. सांगताना ‘कमी गा’ म्हणू नकोस, ‘आल्टोचा ग ऐकून सांगा बरोबर लागतोय का’ असं काम दे. आवाज आपोआप खाली येईल.

तुझा,
अशोक